शेजाऱ्याच्या शेताची राखण

कार्तिक लागला की भारी धानाला एक वास सुटतो. तो फुलाचा नसतो, मातीचाही नसतो. दुधाने भरलेला दाणा हळूहळू घट्ट होऊ लागला म्हणजे लोंबीतून जी किंचित गोडसर, किंचित पेंढ्यासारखी ऊब बाहेर पडते, तिचा तो वास असतो. आमच्या भागात धानाचे दोन प्रकार मानतात. हलका धान दिवाळीच्या आगेमागे घरी येतो. भारी धान थंडी पडेपर्यंत शेतात उभा राहतो. हलक्या धानाच्या मालकाला पाण्याची चिंता असते, भारी धानाच्या मालकाला राखणीची. माझे शिकवणे सुटून बराच काळ लोटला आहे, गावही सुटले आहे; परंतु सकाळी खिडकी उघडताना हा वास आला की मन एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे उठून उभे राहते.

आज वास आला आणि पाठोपाठ वर्तमानपत्र आले. मोठ्या राष्ट्रांची शस्त्रकपातीची बोलणी पुन्हा पुढे ढकलली गेली आहेत. कारण असे की, प्रत्येकाचे म्हणणे, आधी दुसऱ्याने कमी करावे. आणि दुसऱ्याने खरोखरच कमी केले, हे आम्हांला कसे कळावे? ते वाक्य मी पुन्हा वाचले. ते मला नवीन नव्हते. मी ते पहिल्यांदा ऐकले, तेव्हा ते आमच्या भागातल्या झाडीबोलीत होते आणि बोलणाऱ्याच्या कमरेला विळा खोचलेला होता.

दवनीवाड्यापासून चालत तासाभराच्या अंतरावर माझी शाळा होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि तो जिल्हा पुढे कोणत्या राज्यात जाणार, याची चर्चा पारावर रोज रंगत असे. शाळेच्या मागे बोडी, म्हणजे गावापुरते लहान तळे. बोडीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, एकीला लागून दुसरी. आणि बांध्या संपतात तेथून झुडपी जंगल सुरू. दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला धुरा म्हणतात. दिवसा धुऱ्यावरून माणसे चालत. अंधार पडला की जंगलातून रानडुकरे त्याच धुऱ्यावरून येत. एक कळप एका रात्री जेवढे खातो, त्याहून अधिक लोळून मोडतो. पावसाळाभर चिखलात वाकून केलेली रोवणी सकाळी चटईसारखी निजलेली पाहणे काय असते, हे ज्याने पाहिले नाही, त्याने पुढची हकिकत वाचताना कोणालाही घाईने नावे ठेवू नयेत.

कारण ह्या डुकरांसाठी शेतकरी धुऱ्यावर बारुदाचे गोळे ठेवीत. वरून खाण्याच्या पदार्थाचे वेष्टन, आत बारूद; दातांखाली आला की फुटतो. गोळा मातीत अर्धवट पुरलेला असे आणि तो नेमका कोठे आहे, हे पुरणाऱ्यालाच ठाऊक. गोळ्याला मात्र डुक्कर कोणते आणि बैल कोणता, हे ठाऊक नसते. आदल्या वर्षी डोमाजीच्या चांद्या नावाच्या बैलाने चरता चरता असा एक गोळा चावला. जबडा फाटला. डोमाजीची मुलगी यमुना त्याला हाताने तांदळाची पेज पाजत बसे. ती पेज एका बाजूने आत जाई आणि दुसऱ्या बाजूने गळून पडे. थोड्याच दिवसांत बैल गेला. ज्या धुऱ्यावर हे घडले, तो डोमाजीचा आणि बकारामचा सामाईक. गोळा कोणाचा, हे कळणे शक्य नव्हते. डोमाजी म्हणे, बकारामचा. बकाराम म्हणे, त्याचाच. लागून लागून शेत असलेली ती दोन माणसे तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हती.

बकारामचा मुलगा सेवकराम आणि डोमाजीची यमुना, दोघेही माझ्या सातवीच्या वर्गात होते. खेड्यातली मुले तेव्हा शाळेत उशिरा येत. त्यामुळे सातवीत मिसरूड फुटलेली मुले असत आणि त्यांना ‘बाळांनो’ म्हणताना माझीच जीभ अडखळे. सेवकरामला शिक्षक व्हायचे होते. सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाला की प्रशिक्षणाला जाता येत असे. त्या परीक्षेला थोडेच महिने उरले होते.

त्याच कार्तिकात नागपूरच्या काही महाविद्यालयीन तरुणांनी काढलेले एक पत्रक शाळेत आले. अणुबॉम्ब आणि त्याहून भयंकर असा नवा बॉम्ब ह्यांवर बंदी घालावी, अशी मागणी देशोदेशींचे तरुण करीत आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनीही गावाची सभा घेऊन ठराव करून पाठवावा, असे त्यात लिहिले होते. मी फळ्यावर ‘निःशस्त्रीकरण’ हा शब्द लिहिला आणि भिंतीवरच्या नकाशात तो समुद्र दाखवला, जेथे असा स्फोट केल्यावर दूर मासे धरीत असलेल्या कोळ्यांच्या अंगावर राख पडली होती. यमुनेने विचारले, “त्यायचं काय चुकलं होतं, गुरुजी?” मी म्हटले, काहीच नाही. ती खाली बसली, पण तिने पाटीवर तो लांबलचक शब्द उतरवून घेतला नाही. ती नकाशाकडेच पाहत राहिली.

ठरावाचा मसुदा वर्गाने मिळून केला. मी वाक्ये सरळ केली, क्रियापदे जागच्या जागी बसवली. रविवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. सेवकरामने ठराव वाचला. मोठ्या राष्ट्रांनी आपली संहारक अस्त्रे नष्ट करावीत, येथवर येताच बकारामने दोन्ही हात वर केले.

“बंद करा म्हना, गुरुजी! कायले पाहिजे असा बारूद?”

“एकच हात वर कर गा, बकाराम,” मागून कोणी म्हणाले. “दोन केले त गुरुजी दोन मतं धरन!”

सगळे हसले. ठराव एकमताने संमत झाला, असे मी जाहीर करणार, तेवढ्यात सेवकराम कागदाची घडी न करता तसाच उभा राहिला.

“गुरुजी, मंग आपल्या धुऱ्यावरचे गोळे?”

बकारामने समजुतीच्या सुरात म्हटले, “ते डुकरायसाठी हायेत, बाबू. मानसासाठी थोडेच हायेत?”

ओसरीवर मुलींच्या रांगेतून यमुनेचा आवाज आला. “आमचा चांद्या डुक्कर होता का?”

शेवटी डोमाजी बोलला. तो बकारामकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलत होता.

“ज्यानं माहा बैल खाल्ला, त्यानं पहिले काढावं. मंग मी काढतो.”

“मी काढले अन् त्यानं ठेवले, त सारे डुकरं माह्याच बांधीत येतीन,” बकारामही मलाच सांगू लागला. “अन् त्यानं काढले हे मले कोन सांगन? त्याचा धुरा बोलते का?”

यात कोठेही मूर्खपणा नव्हता, हे मी आजही आवर्जून नोंदवतो. ज्या शेताभोवती गोळे, ते शेत डुकरे टाळतात आणि ज्याच्याभोवती नाहीत, त्यात शिरतात. एकट्याने भले व्हायचे ठरवले, तर त्याचा धान जातो. दोघांनाही गोळा नको होता. दोघांनाही तो ठेवणे भाग होते. शहाणी माणसे शहाणपणानेच अडकतात, तेव्हा त्यांना उपदेश करून काहीच साधत नाही.

बकाराम शेवटी कबूल झाला, तो मुलाकडे पाहून. “काढतो. तू साऱ्यायच्या समोर बोलला, तुह्या तोंडासाठी काढतो. पन आयक, बाबू. या सालचा धान गेला, त तुही शाळा बंद. नांगर धरजो.”

सेवकरामने मान डोलावली. परीक्षा, प्रशिक्षण, त्याने मनात बांधलेले सारे आयुष्य त्या क्षणी डुकरांच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. मी मध्ये बोलणार होतो, पण त्याने मला तशी संधीच दिली नाही.

बकारामपाठोपाठ डोमाजी आणि बाकीचेही कबूल झाले, तेव्हा मी नियम फळ्यावर लिहिले. पहिला नियम असा की, एकाही विद्यार्थ्याने गोळ्याला हात लावायचा नाही. ज्याने पुरला, त्यानेच काढायचा आणि पाण्याने भरलेल्या मडक्यात सोडायचा. ठरल्या दिवशी बोडीच्या काठावर मडकी मांडली. शेतकरी एकामागून एक आले. प्रत्येकाने गोळे पाण्यात सोडले आणि त्याच पाण्यात बोटे बुडवून नागऱ्याच्या महादेवाची शपथ घेतली. डोमाजी आणि बकाराम वेगवेगळ्या वाटांनी आले आणि वेगवेगळ्या वाटांनी गेले, पण आले. त्या दिवशी बोडीवर पाणकोंबड्या होत्या, ऊन कोवळे होते आणि मला वाटले, जगाचे काम थोडेसे पुढे सरकले. ठराव मी पाकिटात घातला.

दोन-तीन दिवस गेले असतील. दिवेलागणीच्या वेळी मी कंदिलाची काच पुसत होतो आणि बांध्यांच्या बाजूने गोळा फुटल्याचा आवाज झाला. सारे गाव धावले. सामाईक धुऱ्यावर, मोहाच्या झाडापाशी, एक कोल्हा मरून पडला होता.

“पाहा! महादेवाले फसवलं तुनं!” डोमाजी ओरडला. वर्षभरात त्याने बकारामला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द असावेत.

“मी? तुह्या बाजूले पडला ना कोल्हा!”

“मराले कोनाच्याही बाजूले पडन. कोल्हा का पत्ता सांगून मरते?”

दोघांच्या हातांत काठ्या होत्या. सेवकराम एका बाजूने आणि यमुना दुसऱ्या बाजूने मध्ये आली, म्हणून त्या काठ्या उचलल्या गेल्या नाहीत. पण गर्दीतून घरी परतणाऱ्या माणसांचे बोलणे मी ऐकले. त्याने ठेवले, मंग आपनच काऊन नाही ठेवाचे? हे असेच चालले असते, तर दोन-चार दिवसांत प्रत्येक धुरा पुन्हा भरला असता.

दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी पुस्तक उघडले नाही. मीही उघडायला सांगितले नाही. यमुना उभी राहिली.

“गुरुजी, कोनीच खोटी शपथ नाही घेतली.”

“मग गोळा आला कोठून?”

“आमच्या घरी धानाची ढोली कधी झाडून रिकामी नाही करत. माय मूठभर तरी बुडाशी ठेवते. झाडली त लक्ष्मी उठून जाते म्हनते. बिजाई त ठेवाच लागते ना! बाबानं गोळे देले. पन बिजाईचा एक ठेवला असन.”

वर्ग हसला, पण ढोली प्रत्येकाच्या घरी होती. बांबूच्या त्या उंच कणगीच्या तळाशी उरवलेली मूठ प्रत्येकाने पाहिली होती. आमच्याकडे द्यायचे म्हणजे सगळे द्यायचे, असा अर्थच होत नाही. लग्नात धान देतात, देवळाला देतात, अडल्या शेजाऱ्याला देतात. पण पुढच्या पेरणीची मूठ मागे ठेवून. ती ठेवली म्हणून कोणी कृपण ठरत नाही. न ठेवणारा मात्र अविचारी ठरतो. महादेवालाही ही रीत ठाऊक असेल, असे त्या शेतकऱ्यांनी मनोमन धरले असले पाहिजे. संध्याकाळी मुलांनी आपापल्या घरी विचारले. थोड्याफार फरकाने उत्तर एकच आले: “एक ठेवला. सारेच कोन देते?”

आता काय करायचे? पुन्हा शपथ घेऊन उपयोग नव्हता. घरोघर झडती घेणे शक्य नव्हते. गोळा घरात नव्हताच, तो मातीत होता. उत्तर सेवकरामने काढले आणि तेही अगदी हिशोबी मुलासारखे, बोटांवर मांडून.

“रोवणीले आपन मानसाच्या बदल्यात मानूस देतो. आज तुमी आमच्या बांधीत, उद्या आमी तुमच्या. मंग राखणीले काऊन नाही? डोमाकाका आमच्या मचाणावर बसन, माहा बाप त्यायच्या.”

“मारामारी होईन!” कोणी म्हणाले.

“दोघं दोन शेतात. कोनासंगं करतीन?”

घरी हे सांगण्याचे काम मुलांचेच होते. मी फक्त सोबत गेलो. डोमाजी दोरी वळत बसला होता. हात न थांबवता त्याने विचारले, “मी त्याचा धान राखू?”

“तो तुमचा राखन,” यमुना म्हणाली.

“अन् त्यानं झोपा काढल्या त?”

“त तुमीही काढजा.”

डोमाजीने हसू आवरण्याचा प्रयत्न केला. त्याचा हात थांबला आणि वळलेल्या दोरीचा पीळ उलगडला. “मास्तर,” तो मला म्हणाला, “तुमी पोरीले काय शिकवून राहिले? गनित का वकिली?”

बकारामही तयार झाला. अदलाबदलीच्या पहिल्या संध्याकाळचा उजेड मला अजून दिसतो. सूर्य नुकताच टेकला होता. भारी धानाच्या लोंब्या वाकल्या होत्या आणि वरून पाहिले असता सारे शेत मेंढीच्या पाठीसारखे दिसत होते. बकाराम आपल्या बांधीच्या तोंडाशी उभा होता. डोमाजी एका हातात डुकरे हाकलायचा टिनाचा डबा आणि दुसऱ्या हातात विस्तवाचे गाडगे घेऊन आला. मागे यमुना, डोक्यावर बापाच्या जेवणाची टोपली. मी आणि सेवकराम थोडे अलीकडे. कोणी कोणाला नमस्कार केला नाही. डोमाजी बकारामच्या शेजारून गेला आणि मचाणाकडे जाणाऱ्या धुऱ्यावर चढला.

तो चार पावले चालला असेल. पुढे एक करंजाचे झाड होते.

“थांब!”

बकारामचा आवाज फाटला होता. डोमाजी उचललेला पाय तसाच धरून थांबला.

“करंजाखालून नको जाऊ. पोरीले मांगं घे.”

बकाराम आम्हांला ओलांडून पुढे गेला. झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला. त्याची पाठ आमच्याकडे होती आणि ती पाठ कितीतरी वेळ हलली नाही. मग हात मातीत गेले. उठला, तेव्हा दोन्ही तळव्यांवर, एखादे अंडे धरावे तसे, त्याने ते धरले होते. धुऱ्याखालच्या पाण्याच्या खळग्यात त्याने ते सोडले आणि हात धोतराला पुसत राहिला. पुसून झाले, तरी पुसत राहिला.

डोमाजीने गाडगे खाली ठेवले. मग आपल्या शेताकडे पाहिले, जिकडे आता बकाराम जाणार होता.

“माह्या बांधीत उगवतीच्या कोपऱ्यात एक हाय,” तो म्हणाला. “तू तिकूनच चढशीन. थांब. मीच येतो संगं.”

दोघे पुढे निघाले. सेवकराम त्यांच्यामागे जाऊ लागला, तेव्हा दोघे एकाच वेळी वळून ओरडले, “तू तेथीच राह्य!”

ही बातमी गावात फिरवावी लागली नाही. पुढच्या संध्याकाळी दुसऱ्या धुऱ्यांवरही कोणी कोणाला थांबवले. कोणी राखणीला निघालेल्या शेजाऱ्याच्या आधी घाईने पुढे गेला. मोहाखालचा तो गोळा कोणाचा, हे तेव्हाही कळले नाही. मग कोणी विचारलेही नाही. मी घरी परतत असताना बांध्यांवरून डब्यांचे आवाज येत आणि मधूनच एखादा पल्लेदार हाकारा: “बकाराम गाऽ! तुह्या बांधीत काही नाही!” त्यावर पलीकडून उत्तर: “तुह्यात एक शिरला होता! हाकलला!” वर्षभर न झालेले बोलणे त्यांनी असे अंधारात, दोन शेतांच्या अंतरावरून, ओरडून सुरू केले. जवळ आल्यावर बोलणे त्यांना आणखी काही दिवस जमले नाही.

ठराव टपालात टाकावा, असे मी म्हणालो. सेवकरामने नाही म्हटले. “धान घरी येऊ द्या, गुरुजी. मंग लिहू.” त्याच्या बोलण्यात तर्क होता आणि भीतीही होती. ती भीती मी ओळखून होतो. प्रत्येक सकाळी तो शाळेत येण्याआधी बांधीवर जाऊन येई आणि त्याच्या पायांवरच्या दवावरून मला ते कळे.

डुकरे आली नाहीत, असे सांगितले तर ते असत्य होईल. ती आली. बकारामच्या शेताचा जंगलाकडचा एक कोपरा एका पहाटे निजलेला सापडला. डोमाजी दुसऱ्या टोकाला डबा वाजवत होता. कापणी झाली, भारे खळ्यावर आले, बैल फिरले. रास झाली, त्या दिवशी डोमाजी बकारामच्या खळ्यावर आला आणि राशीपासून थोडा दूर उभा राहिला.

“कोपरा माह्या राखणीत गेला,” तो म्हणाला.

बकाराम सुपाने धान वारवत होता. त्याने वाऱ्याची दिशा पाहिली, सूप रिकामे केले, पुन्हा भरले. सेवकराम राशीच्या कडेला हातात झाडू घेऊन उभा होता. तो झाडणे विसरून बापाच्या सुपाकडे पाहत आहे, हे मला माझ्या जागेवरून दिसत होते.

“कोपराच गेला ना,” बकाराम म्हणाला. “शेत त नाही गेलं.”

“अन् पोराचा नांगर?”

“नांगराले मी हाय.” मग मुलाकडे वळून, जरा चिडल्यासारखे: “तू काऊन उभा हायेस? शाळेची घंटा नाही झाली का?”

घंटा झाली नव्हती. ती मीच वाजवत असे आणि मी तर खळ्यावर उभा होतो. सेवकराम मात्र झाडू टाकून शाळेकडे धावत सुटला आणि मला त्याच्यामागे जवळजवळ धावतच जावे लागले.

त्या दिवशी वर्गाने ठरावाखाली चार वाक्ये जोडली. मी ती सरळ करायला पेन हाती घेतले आणि खाली ठेवले. पत्र दवनीवाड्याच्या टपालात टाकले. त्याची पोच आली नाही. नागपूरच्या त्या तरुणांनी ते कोणाला वाचून दाखवले की नाही, मला माहीत नाही. पुढे सेवकराम शिक्षक झाला आणि कित्येक वर्षे दर कार्तिकात मला त्याचे पत्र येत असे; त्यात धानाची आणि डुकरांची बातमी असे. ती चार वाक्ये मला पाठ आहेत. आजच्या वर्तमानपत्राच्या समासात, जेथे ती बोलणी पुढे ढकलल्याची बातमी आहे, तेथे मी ती पुन्हा लिहिली, माझ्या जुन्या सवयीने, शिरोरेषा सरळ ठेवून:

‘आमच्या गावातील गोळे काढले आहेत. पहिल्या वेळी प्रत्येकाने एक ठेवला होता, कारण सर्व देण्याची आमच्यात रीत नाही. तो कोठे आहे हे पुरणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि शेजारी त्याचे शेत राखायला निघाला म्हणजे तो स्वतःच सांगतो. तरी मोठ्या राष्ट्रांनी एकमेकांच्या शेतावर राखणीला जावे, आणि जाताना मुलांना सोबत न्यावे, ही विनंती.’